मोटरहोमची बाहेरची बाजू: वीज घेणारा इनलेट, बाहेरची सॉकेट्स, दिवे आणि ऑनिंग

मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय केलेल्या गाडीच्या, पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत शिरायला बघतं, आणि बाहेरच्या बाजूची बरीचशी भोकं विजेच्या कामासाठीच पाडलेली असतात. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो. तीच गाडी तासाभरावरच्या इगतपुरीला नेली की गाठ तीन हजारांच्या पुढच्या पावसाशी पडते, तोही वाऱ्याबरोबर आडवा येणारा. म्हणून इथली गाडी इगतपुरीच्या पावसाला धरूनच तयार करावी. खालची मापं ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या पत्र्याच्या बॉडीवर केलेल्या मोटरहोमला लागू पडतात. फायबरच्या बॉडीत भोक पाडायची रीत थोडी वेगळी असते, वीजजोडणी मात्र तीच.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तरीही हा लेख वाचूनच त्याच्यापुढे उभे राहा, कारण घरच्या वायरिंगमध्ये मुरलेल्या माणसाला चाकांवरच्या वायरिंगचे धोके माहीत असतातच असं नाही.

जागा ठरवणं

आपल्याकडे गाडीचं दार डाव्या बाजूला असतं. बसणं-उठणं, चहा-स्वयंपाक सगळं त्याच बाजूला होतं. म्हणून ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत), दाराचा दिवा आणि बाहेर वापरायची सॉकेट्स डावीकडे घ्या. वीज आत घेणारा इनलेट उजवीकडे, मागच्या चाकाच्या पुढे बसवा. केबल कुणाच्या पायात येत नाही आणि चाकाने उडवलेला चिखल झाकणावर बसत नाही. जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आसपासची उंची सोयीची. त्यापेक्षा खाली चिखल पोचतो, आणि फार वर नेलं तर केबलचं वजन पिनांवर लटकतं.

गॅसच्या कप्प्याची जाळी आणि कुठलंही सॉकेट यांच्यात किमान एक मीटर अंतर राखा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली उतरतो. म्हणून जाळीच्या खालच्या पट्ट्यात सॉकेट कधीच नको. पाणी भरायचं तोंड आणि इनलेट वेगवेगळ्या पॅनेलवर असावेत. ते जमत नसेल तर निदान इनलेट त्या तोंडाच्या खाली येऊ देऊ नका, कारण टाकी भरून वाहिली की पाणी सरळ त्याच्यावरच येतं.

भोकाची खूण करण्याआधी आतून बघा. मागे बॉडीची रिब (पत्र्याला आतून आधार देणारी पट्टी) किंवा मूळ वायरिंगचा जुडगा नको, आणि जागा हात पोचेल अशा कपाटात उघडणारी हवी. आतला ब्रेकरचा डबा इनलेटपासून दीड मीटरच्या आत बसला पाहिजे. इनलेट ते ब्रेकर या तुकड्याला गाडीतलं कुठलंच संरक्षण नसतं, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.

किती वीज लागणार

१६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ३,६८० वॅट मिळतात, ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून १,३८०. होमस्टेच्या अंगणात किंवा द्राक्षबागेच्या शेडमध्ये बहुतेक वेळा ६ अँपिअरचंच वाट्याला येतं. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी त्यावर चालणार नाही, बॅटरीचा चार्जर, फ्रिज आणि दिवे आरामात चालतील. दोन्ही सॉकेटसाठी वेगवेगळी अडॅप्टर जवळ ठेवा. ६ अँपिअरच्या अडॅप्टरवर मोठ्या अक्षरात 'शेगडी, गिझर बंद' असं लिहून चिकटवा. गाडी चालवणारा आणि शेगडी लावणारा माणूस एकच असतो असं नाही.

सामान

निळ्या रंगाचा, तीन पिनांचा, १६ अँपिअरचा औद्योगिक इनलेट एक. त्याच जातीचा फिमेल कनेक्टर एक. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास हा माल सहज मिळतो. इनलेट आयपी ४४ (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी) चालेल, आयपी ६७ मिळाला तर तोच घ्या. तीन कोअरची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, रबरी आवरणाची लवचिक केबल २५ मीटर. १.५ ची केबल स्वस्त पडते, पण २५ मीटरवर १६ अँपिअर ओढले की तिच्यात ११-१२ व्होल्ट गळतात, २.५ मध्ये ७ च्या आसपास. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं, तेव्हा हा फरक कॉम्प्रेसरला जाणवतो.

आतल्या डब्यात डबल पोल १६ अँपिअर एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा ब्रेकर) एक, डबल पोल २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळली की लाइन तोडणारा ब्रेकर) एक, आणि कमी-जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा रिले एक. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोलच हवा. बाहेरच्या बोर्डांत फेज-न्यूट्रल उलटे असणं नेहमीचं आहे, आणि सिंगल पोल ब्रेकर अशा वेळी न्यूट्रल तोडून फेज तसाच चालू ठेवतो. इन्व्हर्टर असेल तर १-०-२ असा डबल पोल चेंजओव्हर स्विचही (एका वेळी एकाच बाजूची वीज घेणारा) घ्या.

शिवाय आतल्या वायरिंगसाठी २.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर, चॅसीच्या अर्थिंगसाठी ४ चौरस मिलिमीटरची हिरवी वायर आणि एम ८ चा बोल्ट, रबरी ग्रोमेट, केबल ग्लँड, पिन लग, क्रिंपर, पीयू सीलंटची एक नळी, ब्यूटाइल टेप आणि झिंक प्रायमर. सीलंट घेताना नीट बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवतं.

भोक पाडणं

गाडीच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, म्हणजे रंग उडत नाही. आधी ३ मिलिमीटरचं पायलट भोक आतून बाहेर पाडा. रिब कुठे आहे ते आतूनच दिसतं. मग बाहेरून होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) मंद गतीने चालवा. माप इनलेटबरोबर आलेल्या कागदावरून घ्या, अंदाजाने नको.

इथे खरा कस पुढच्या अर्ध्या तासाचा लागतो आणि घाई नेमकी तिथेच होते. कापलेल्या पत्र्याचा भुसा दोन थरांच्या मधल्या पोकळीत पडतो. तो व्हॅक्यूमने पूर्ण काढला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात गंजतो, आणि खालच्या कडेला तपकिरी ओघळ दिसायला लागतात. अर्धगोल कानसीने कड गुळगुळीत करा. उघड्या कडेवर झिंक प्रायमरचे दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. सीलंट ओल्या प्रायमरवर धरत नाही.

दुसऱ्या दिवशी इनलेटच्या कडेमागे सीलंटची सलग, न तुटलेली रेघ ओढा. इनलेटच्या डब्याला तळाशी पाणी निथळायचं छोटं छिद्र असतं, ते बुजवू नका. आत गेलेला थेंब बाहेर पडायला तेवढीच वाट असते. स्क्रू तिरपे आलटून-पालटून हलकेच आवळा. सीलंट वाळलं की आणखी पाव वळसा द्या. पहिल्याच फेरीत दाबून आवळलं तर सगळं सीलंट कडेने बाहेर येतं आणि मधे काहीच उरत नाही. झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला असावी. कसारा घाटात समोरून येणारं पाणी बाजूला बिजागरी असलेलं झाकण उचलतं.

आतली जोडणी

इनलेटपासून एमसीबी, एमसीबीपासून आरसीसीबी, मग व्होल्टेज रिले, चेंजओव्हर, आणि शेवटी एकेका लाइनचे छोटे एमसीबी, असा क्रम ठेवा. मल्टिस्ट्रँड वायरीच्या टोकाला पिन लग दाबल्याशिवाय ती स्क्रूखाली घालू नका. गाडी हादरते, सुट्या तारा हळूहळू पसरतात, स्क्रू सैल होतो आणि तिथे गरम व्हायला लागतं. घरच्या बोर्डात दहा वर्षं टिकणारा जोड गाडीत एका हंगामात ढिला होतो. दर ३० सेंटिमीटरवर क्लिप मारा, पत्र्यातून जाताना ग्रोमेट घाला, आणि २३० व्होल्टची वायर १२ व्होल्टच्या पाइपातून कधीच नेऊ नका.

इनलेटच्या अर्थ पिनेपासून ब्रेकरच्या डब्यातल्या अर्थ पट्टीपर्यंत आणि तिथून ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीने चॅसीवर. बोल्टखालचा रंग खरवडून उघडा पत्रा काढा, लग आवळा आणि वरून रंग मारा. ही जोडणी नसेल आणि एखादी फेज वायर घासून पत्र्याला लागली, तर अख्खी बॉडी जिवंत होते. आतल्या माणसाला काहीच कळत नाही. ओल्या जमिनीवर उभा राहून दाराची कडी धरणाऱ्याला झटका बसतो.

इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज कधीही एकमेकांना भिडता कामा नये, चेंजओव्हर त्यासाठीच असतो. इन्व्हर्टरच्या बाजूलाही वेगळा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा. इन्व्हर्टरचा न्यूट्रल या आरसीसीबीच्या आधी अर्थला जोडलेला नसेल तर गळती झाली तरी आरसीसीबी पडणार नाही. हा जोड इन्व्हर्टरच्याच बाजूला हवा, चेंजओव्हरच्या पुढे सामायिक तारेवर नको. काही इन्व्हर्टरमध्ये अशी सोय आतच असते, काहींमध्ये असा जोड केला तर इन्व्हर्टरच जळतो. पुस्तिका वाचल्याशिवाय हात लावू नका.

बाहेरचं सॉकेट

सगळ्यात घातक चूक इथे होते. गाडीच्या बाहेर साधं सॉकेट बसवायचं आणि वीज आत घ्यायलाही तेच वापरायचं, दोन्ही टोकांना पिना असलेली केबल करून. अशी केबल भिंतीत लावली की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. कुणी तशी करून देत असेल तर घेऊ नका, कुणाकडे दिसली तर कापून टाकायला सांगा. गाडीच्या बाजूला नेहमी पिना, केबलच्या त्या टोकाला नेहमी छिद्रं.

बाहेर वापरायच्या सॉकेटसाठी झाकणाची, आयपी ५५ किंवा त्याहून चांगली पेटी घ्या. प्लग आत असतानाही जिचं झाकण बंद होतं अशीच निवडा. नुसतं रिकामं असताना बंद होणारं झाकण पावसात काय कामाचं? वायर पेटीत खालून न्या, आणि आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला गळून पडेल. या सॉकेटला ६ अँपिअरचा वेगळा एमसीबी आणि दाराच्या आत एक बटण द्या. जेवणं उरकली की आतूनच बंद करता येतं.

१२ व्होल्टचं सॉकेट बाहेर हवंच, फ्रिजचा डबा आणि फोनसाठी. इथे वायरीची जाडी महत्त्वाची ठरते. ५ अँपिअर घेणारा फ्रिज बॅटरीपासून ५ मीटरवर असेल, तर १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतात. बॅटरी भरलेली असूनही फ्रिज 'कमी व्होल्टेज' म्हणून बंद पडतो आणि दोष बॅटरीवर येतो. २.५ ची वायर टाकली की गळती ०.३७ वर येते. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत लावा. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो, तो सॉकेटजवळ लावून काही उपयोग नाही.

दाराचा दिवा ५ वॅटचा पुरे. पिवळसर प्रकाशावर किडे कमी येतात, पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या काठाला हे लगेच लक्षात येतं. गाडी चालू होताच बाहेरचे सगळे जादा दिवे आपोआप बंद करणारा रिले इग्निशनवर लावा. मागे दिसणारा पांढरा दिवा लावून रस्त्यावर जाणं नियमात बसत नाही आणि मागच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

ऑनिंग

तीन मीटरचं ऑनिंग २० ते ३० किलोचं असतं. ते पत्र्यावर नाही, रिबवर बसवायचं, आतून जाड पट्टी देऊन. उघडल्यावर पुढचा एक पाय नेहमी खाली ठेवा. ३ बाय अडीच मीटरच्या कापडावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेसात लिटर पाणी. कापड सपाट राहिलं आणि ४० मिलिमीटर साचला तर तीनशे किलो होतात, आणि ते सगळं वजन तुम्ही पाडलेल्या भोकांवर येतं. रात्री झोपताना आणि वारा सुटला की गुंडाळा. मे महिन्यातला वळीव सांगून येत नाही.

ऑनिंग, शिडी अशी बाहेर आलेली गोष्ट धरून गाडीची रुंदी मोजा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत केलेल्या बदलाला आरटीओची मान्यता लागते, म्हणून मोठी कामं हातात घेण्याआधी कागद बघून घ्या.

तपासणी

वीज न जोडता मल्टिमीटरने इनलेटची अर्थ पिन ते चॅसी मोजा. अर्ध्या ओहमपेक्षा कमी यायला हवं. मग चार्जर, इन्व्हर्टर आणि रिले काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ बघा. किमान १ मेगओहम हवा. न्यूट्रल आणि अर्थ गाडीत कुठे चुकून जोडले गेले असतील तर ते इथेच उघडं पडतं.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की तो पडतो. पण ते बटण आतल्या रेझिस्टरमधून फेज-न्यूट्रलवरच काम करतं. अर्थिंग मुळात नसलं तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडणारच. म्हणजे त्यावरून आरसीसीबी चांगला आहे एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल काहीच नाही.

शेवटी वीज बंद ठेवून वरून दहा मिनिटं पाइपाने पाणी सोडा, आतून हात फिरवून बघा. कोरडं असेल तर १,५०० वॅटची किटली पाण्याने भरून पंधरा मिनिटं चालवा, वीज काढा आणि प्रत्येक जोडाला हात लावा. कोमट चालेल, चटका नको.

दुसऱ्याच्या अंगणात वीज घेताना

बोर्डाकडे तोंड केलं की वरचं मोठं छिद्र अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. केबल लावण्याआधी तीन मोजमापं घ्या. फेज-न्यूट्रल २०० ते २५० च्या दरम्यान. फेज-अर्थही तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोनेक व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थवर २३० दिसले तर फेज उलटा आहे. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हींवर काहीच नाही किंवा अर्धवट आकडा आला तर अर्थिंग नाही.

आता त्याहून वाईट प्रकार. काही बोर्डांत अर्थ नाही म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रललाच अर्थ जोडलेला असतो. आकडे सगळे छान येतात. पण वाटेत न्यूट्रल तुटला की तुमची चॅसी २३० व्होल्टवर जाते, आणि आरसीसीबी अर्थ तोडत नसल्यामुळे काहीच करू शकत नाही. ओळखायचं असं: त्याच बोर्डावर किटली लावा आणि न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. खऱ्या अर्थिंगवर आकडा थोडा वर सरकतो. भार टाकूनही शून्याचा शून्यच राहिला तर मालकाला बोर्ड उघडून दाखवायला सांगा. संकोच करू नका.

शेतातल्या पंपाच्या पेटीतून वीज घेऊ नका. तिथे तीन फेज असतात, न्यूट्रल बऱ्याचदा नसतोच, आणि दोन फेजमध्ये ४०० च्या पुढे व्होल्ट मिळतात. चार्जर त्याच क्षणी जातो. व्होल्टेज रिले घ्यायला सांगितला तो याचसाठी, पण त्याच्या भरवशावर प्रयोग नकोत.

अर्थिंग नसेल तर सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे बॅटरी आणि सोलरवर राहणं. तरी जोडणं भागच असेल तर १.२ मीटरची अर्थिंगची सळई ओल्या जागी ठोकून चॅसीला जोडा. अंजनेरीच्या मुरमात किंवा उन्हाळ्यात भेगाळलेल्या निफाडच्या काळ्या जमिनीत तिचा रोध काहीशे ओहमही येऊ शकतो. ३०० ओहम धरले तर बिघाडाच्या वेळी पाऊण अँपिअरच वाहतो, एमसीबी जागचा हलत नाही. आरसीसीबीला मात्र ०.०३ अँपिअर पुरतो, तो पडतो. म्हणून सळई फक्त आरसीसीबीच्या जोडीनेच. शिवाय भिंत ते गाडी या केबलला गाडीतला आरसीसीबी वाचवत नाही, म्हणून भिंतीकडच्या टोकाला पेटीतला दुसरा आरसीसीबी लावलेला बरा.

जोडताना बोर्डाचं बटण बंद, आधी गाडीचं टोक, मग भिंतीचं. काढताना उलट. केबल पूर्ण उलगडा. रिळावर गुंडाळलेली केबल पूर्ण भारावर आतून तापते आणि आवरण वितळतं. विजा चमकायला लागल्या की केबल काढून ठेवा.

नेहमीचे बिघाड

जोडताच आरसीसीबी पडतो: गाडीत न्यूट्रल-अर्थ भिडले आहेत, किंवा चार्जरमधूनच गळती आहे. एकेक एमसीबी बंद करत या. अर्थला भिडलेला न्यूट्रल मात्र असा सापडत नाही, त्याच्यासाठी लाइनच सोडवावी लागते. फक्त पावसात पडतो: बाहेरच्या पेटीत पाणी, दहापैकी नऊ वेळा झाकणाचं रबर. वीस-पंचवीस मिनिटांनी एमसीबी पडतो: भार जास्त. इनलेटच्या पिना काळ्या पडल्या: पकड ढिली, त्या घासून भागत नाही, इनलेट आणि कनेक्टर दोन्ही बदला. झाकणाची रबरं दर मेच्या शेवटी बघा. नाशिकच्या उन्हात दोन-तीन वर्षांत ती कडक होतात, आणि नखाने दाबल्यावर खूण तशीच राहिली की बदलायची.